सात नाणी आणि सोळा महिने

जुन्नरजवळच्या आमच्या घरी देवघरात चांदीचं एक छोटं निरांजन आहे. १९८९ साली चुलत्यांनी गोठ्यासाठी पाया खणायला घेतला, तेव्हा कुदळीच्या घावानं एक गाडगं फुटलं आणि त्यातून काळ्या पडलेल्या चांदीच्या चकत्या निघाल्या. मी नऊ वर्षांची होते. त्यातली एक चकती कुणीतरी माझ्या तळहातावर ठेवली होती. नखापेक्षा थोडी मोठी, एका बाजूला लांब नाकाचं, मिशीवालं डोकं, दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी आणि तिच्यावर चंद्रकोर. आजीनं हळदकुंकू वाहिलं. चार महिने ती नाणी स्टीलच्या डब्यात होती. दिवाळीच्या आधी सोनाराकडे गेली, त्यांचं निरांजन झालं आणि उरलेल्या चांदीची जोडवी झाली.

ते डोकं आणि ती टेकडी पश्चिम क्षत्रपांच्या, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या शक राजांच्या, नाण्यांवर असते, हे मला पंधरा वर्षांनी एका संग्रहालयातल्या काचेआड तसंच नाणं पाहिल्यावर कळलं. पुढच्या काळातल्या क्षत्रपांनी तर नाण्यांवर शकाचं वर्षही घातलं आहे. म्हणजे कुणी वाचलं असतं तर साल कळलं असतं. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथं १९०६ साली सापडलेल्या ठेव्यात नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी होती आणि त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नहपान हरला आणि सातवाहनांनी त्याचा मुलूख घेतला, याचा एवढा ढळढळीत पुरावा एका गाडग्यानं दिला, कारण तो ठेवा एकत्र राहिला आणि कुणीतरी मोजला. आमच्या गाडग्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की, गेली दहा वर्षं मी इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात राहते आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात हिंडते म्हटलं की आपली माणसं आधी विचारतात, "सोनं सापडलं का?" मला सात नाणी सापडली. ती सापडल्यापासून परत हातात येईपर्यंत सोळा महिने गेले. त्या सोळा महिन्यांत काय काय करावं लागतं हे मला आधी कुणी मराठीत सांगितलं असतं तर बरीच धाकधूक वाचली असती, म्हणून लिहिते आहे.

डोक्यात किडा शिरला तो आमच्या इथल्याच हॉक्सन गावाच्या गोष्टीनं. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला एरिक लॉस नावाचे त्याचे ओळखीचे गृहस्थ डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातल्या सोन्याचांदीचा ठेवा लागला, जवळजवळ पंधरा हजार नाणी. थोडं उकरल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी दुसऱ्या दिवशी बाकीचा ठेवा जागेवर नीट उचलला, म्हणून एका मोठ्या लाकडी पेटीत लहान पेट्या कशा रचल्या होत्या तेसुद्धा समजलं. तो हातोडाही शेवटी सापडला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला त्यातलं सोनं नाही, ते थांबणं लागून राहिलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये मी १८० पौंडांना जुना, वापरलेला डिटेक्टर घेतला. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारी हातात मावणारी कांडी, ९० पौंड. दातेरी कडेचं छोटं फावडं ३५ पौंड. गुडघ्यांना बांधायच्या गाद्या विसरू नका, मी पहिले दोन महिने विसरले आणि गुडघे सुजवून घेतले. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या संस्थेचं सभासदत्व घेतलं. वर्गणी तेव्हा दहा पौंडांच्या आसपास होती आणि तिच्यात एक कोटी पौंडांचा दायित्व विमा येतो. शेतकऱ्याच्या दारात जाताना त्या विम्याचं कार्ड फार उपयोगी पडतं.

इथे शेतमालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं म्हणजे सरळ अतिक्रमण आणि सापडलेली वस्तू खिशात घालणं म्हणजे चोरी. शेत कुळाकडे असेल तर त्याचीही परवानगी लागते. सरकारनं संरक्षित म्हणून नोंदवलेल्या जुन्या स्थळांवर तर १९७९ च्या कायद्यानं खास लेखी परवानगीखेरीज डिटेक्टर चालवायलाच बंदी आहे. म्हणून आधी मॅजिक नावाच्या सरकारी नकाशावर आपलं शेत शोधायचं. संरक्षित स्थळं आणि पर्यावरण योजनेतल्या जमिनी त्यावर दिसतात. या तपासात माझ्या यादीतली तीन शेतं बाद झाली.

मग पत्रं. मी अकरा पत्रं हातानं लिहून टपालानं पाठवली. कोण आहे, कुठे राहते, विमा आहे, खड्डे बुजवीन, फाटकं लावीन, पेरलेल्या रानात पाऊल टाकणार नाही, जे सापडेल त्यात निम्मा वाटा तुमचा. नऊ जणांनी उत्तरच दिलं नाही. एकानं नम्रपणे नाही म्हटलं. एका शेतकरी बाईंशी एकदा दारात उभं राहून बोलले तर रात्री डिटेक्टर घेऊन चोरून येणाऱ्यांनी त्यांचं गव्हाचं रान कसं खणून ठेवलं होतं ते त्या बाईंनी मला दाखवलंच. त्यांना मी दोष कसा देणार? अकराव्या पत्राचं उत्तर २० ऑक्टोबरला आलं. ऐंशीच्या पुढचे एक शेतकरी आजोबा, त्यांनी चहाला बोलावलं, तासभर माझ्या गावाकडच्या शेतीची चौकशी केली, ज्वारीचं कणीस केवढं असतं ते हातानं दाखवायला लावलं आणि मग म्हणाले, "ये. पण जे सापडेल ते मला दाखवल्याशिवाय जायचं नाही." एका पानाचा करार लिहिला, दोघांच्या सह्या केल्या. ओळख कितीही चांगली असली तरी हा कागद कराच.

पहिलं वर्ष सांगण्यासारखं नाही. बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी टोप्या, शिशाचे गोळे, बटणं, डब्यांची झाकणं. डायरीत नऊ महिन्यांत ३४० वस्तू आहेत, त्यात नाणी २३. पण त्यात एक चूक माझ्या हातून झाली ती सांगायलाच हवी. तिसऱ्या जॉर्जची १७९७ ची तांब्याची पेनी सापडली. हे नाणं आपल्या हाताला भलतंच जड लागतं, एक औंस वजनाचं, रुंद उंच काठाचं, म्हणून त्याला इथे गाडीचं चाक म्हणतात. घरी आणून मी ते चिंच-मीठ लावून घासलं, जशी आई तांब्याची घागर घासायची. लखलखीत झालं आणि संपलं. दोनशे वर्षांत चढलेली ती तपकिरी साय निघाली, तिच्यासोबत राजाच्या केसांच्या बारीक रेघा गेल्या. पाण्याखाली धरून माती सुटेल तेवढीच सोडायची, बाकी काहीही करायचं नाही. बोटानंसुद्धा चोळायचं नाही, कारण मातीतले वाळूचे कण ओरखडे काढतात.

आता ११ सप्टेंबर २०२२, रविवार. गुरुवारी राणी गेली होती, शुक्रवारी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती बसवले होते ते विसर्जन करून घर रिकामं रिकामं वाटत होतं, म्हणून मी दुपारी शेतावर गेले. तो उन्हाळा फार कोरडा गेला. गहू निघालेलं रान, पायाला टोचणारी धसकटं आणि दगडासारखी ढेकळं. फावडं आत जाईना. दोनच्या सुमारास कानात एक बारीक, स्वच्छ आवाज आला. डिटेक्टरची खालची चकती, म्हणजे कॉइल, आडवी फिरवली, उभी फिरवली, आवाज तसाच. माती तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटायची, म्हणजे नंतर परत बसवता येते. चार बोटं खाली, ढेकळाच्या तुटलेल्या कडेला राखाडी रंगाची एक बारीक रेघ दिसली. मी ढेकूळ तळहातावर घेऊन फोडलं. कागदासारखं पातळ, किंचित वाकलेलं चांदीचं नाणं. मागच्या बाजूला दुहेरी रेघांचा क्रूस, त्याचे हात थेट कडेपर्यंत गेलेले, आणि चारही चौकटींत तीन-तीन ठिपके.

हातभर अंतरावर दुसरं. आणि मग एक अर्धं, मधोमध कापलेलं, अर्ध्या भाकरीसारखं. मी कानावरचे हेडफोन काढून खाली बसले. हात थरथरत होते. गोठ्याच्या पायातलं ते गाडगं आठवलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर कायदा आहे. तीनशे वर्षांहून जुनी, सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकाच जागी मिळाली तर ती कायद्यानं ठेवा ठरू शकतात. तांब्यासारख्या धातूंची असतील तर दहा लागतात. एकच सुटं नाणं सहसा ठेव्यात मोडत नाही, त्याची नोंद आपल्या इच्छेवर. ठेवा असेल तर चौदा दिवसांत त्या भागाच्या कॉरोनरला, म्हणजे अकस्मात मृत्यूंची आणि अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. प्रत्यक्षात हे काम आपल्या परगण्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरमार्फत, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत, होतं. ब्रिटिश म्युझियम चालवतं त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची ही माणसं असतात आणि ती जवळजवळ प्रत्येक परगण्यात आहेत. त्यांचा पत्ता आणि फोन आधीच फोनमध्ये घालून ठेवा. शेतात बसून शोधायची वेळ येऊ देऊ नका.

रविवार होता, फोन कुणी उचलला नाही. मी तिन्ही खड्ड्यांच्या जागी रंगीत झेंड्या रोवल्या, प्रत्येकीचं ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा, टिपलं, जमिनीचे फोटो काढले, बाजूला फूटपट्टी ठेवून नाण्यांचे काढले, आणि ईमेल केला. मग आजोबांना फोन. ते जुन्या जीपमधून आले, चष्मा कपाळावर सरकवून नाणं डोळ्यांजवळ धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. "माझ्या वडिलांनी हे रान घोड्यांनी नांगरलंय," एवढंच म्हणाले.

मंगळवारी, १३ तारखेला उत्तर आलं. नाणी नांगरटीच्या थरात विखुरलेली दिसतात, तेव्हा त्या थरातलं शोधा, प्रत्येक नाण्याची जागा वेगळी टिपा, वेगळ्या पिशवीत ठेवा. मात्र नांगर पोचत नाही एवढ्या खोलीवरून आवाज आला, मडक्याचा तुकडा दिसला किंवा नाणी एकमेकांना चिकटलेली निघाली तर तिथेच थांबा. शनिवारी आजोबांना सोबत घेऊन गेले. आणखी चार मिळाली. सगळी मिळून पाच अख्खी आणि दोन अर्धी, चार मीटरांच्या आत. खाली काही नव्हतं.

२० सप्टेंबरला, राणीच्या अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवशी, मी ती नाणी ऑफिसरबाईंच्या हाती दिली आणि पावती घेतली. नववा दिवस. पावतीवर प्रत्येक नाण्याचं वजन लिहून घ्या, मी घेतलं. त्यांनी भिंगाखाली एक नाणं धरलं आणि माझ्याकडूनच अक्षरं वाचून घेतली. निकोल ऑन कँट. कँटरबरीच्या टांकसाळीतला निकोल. म्हणजे ते नाणं पाडण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याचं नाव मागच्या बाजूला. चांदी कमी भरली तर कुणाला धरायचं ते नाण्यावरच कोरलेलं. राजा तिसरा हेन्री. १२४७ पासून क्रूस कडेपर्यंत न्यायला लागले, कारण लोक नाण्याच्या कडा कातरून चांदी चोरायचे, क्रूसाचं टोक गेलं की चोरी उघडी पडायची. आणि अर्धी नाणी तुटलेली नव्हती. सुटे पैसे म्हणून पेनी क्रूसाच्या रेघेवर मुद्दाम कापायचे. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डनं जुनी नाणी मागे घेऊन नवी पाडली, तेव्हापासून अर्धी आणि पाव पेनी गोल निघू लागली. म्हणजे आमची नाणी त्याच्या आधी पडलेली असणार. सहा पेन्स, त्या काळच्या मजुराची काही दिवसांची मजुरी. कुणाची तरी पिशवी फाटली असेल. घरी गेल्यावर तो माणूस किती वेळ वाटेकडे बघत बसला असेल, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

इथून पुढे वाट पाहणं. नोव्हेंबरात ठेव्याचा क्रमांक मिळाला. मार्च २०२३ मध्ये अहवाल पूर्ण झाला, त्यात लंडनची दोन, कँटरबरीची दोन आणि जवळच्याच बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या टांकसाळीतलं एक, असा हिशेब होता. अर्ध्या नाण्यांवरच्या टांकसाळींची नावं नेमकी कापल्या गेलेल्या भागात होती. मग संग्रहालयांना विचारणा होते. कुणाला हवं असेल तर कॉरोनर चौकशी करून ठेवा म्हणून जाहीर करतो, स्वतंत्र समिती किंमत ठरवते आणि तेवढा मोबदला सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात सहसा निम्मा-निम्मा वाटला जातो. दोघांना मोबदला सोडूनही देता येतो. आम्ही सोडायचं ठरवलं होतं.

मधले महिने मला जड गेले. फोन करावा तर त्या बाईंच्या टेबलावर आमच्यासारखी शेकडो प्रकरणं, न करावा तर नाणी हरवली तर नाहीत ना अशी काळजी. तीन महिन्यांतून एकदा, क्रमांक घालून दोन ओळींचा ईमेल करायचा असं मी ठरवून घेतलं. दर वेळी उत्तर आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये पत्र आलं, कुठल्याच संग्रहालयाला ती घ्यायची नाहीत. अशा पेनी त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. खरं सांगते, मी त्या दिवशी रडले. वर्षभर मनात काचेचं कपाट आणि त्यातली सात नाणी घेऊन फिरत होते. आजोबांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोंद झाली ना?" झाली होती. अशा वेळी सरकार हक्क सोडतं आणि कॉरोनर जमीनमालकाला कळवतो, २८ दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर वस्तू परत मिळते. हरकत कोण घेणार होतं? तरी पत्रव्यवहारात ख्रिसमस उजाडला.

१८ जानेवारी २०२४ ला सात छोट्या पिशव्या सही करून हातात घेतल्या. एकूण खर्च म्हणाल तर यंत्र आणि सामान धरून ३३० पौंडांच्या आत, नोंदीला एक पेनीही लागली नाही. नाण्यांची बाजारातली किंमत सगळी मिळून दोनशे पौंडांच्या आसपास सांगतात. आजोबा म्हणाले, "रान माझं, पण पाठ तुझी मोडली, तूच घे." मी ऐकलं नाही. करारात एक ओळ वाढवली. नाणी एकाच डबीत राहतील, नोंदीचा क्रमांक डबीत राहील, आणि कधी विकायची झाली तर सातही एकत्र आणि क्रमांकासकट. डबी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात आहे. स्कीमच्या वेबसाइटवर आमची नोंद कुणालाही पाहता येते, पण जागा एक किलोमीटरच्या चौकोनापलीकडे जाहीर दाखवत नाहीत, नाहीतर चोरून खणणारे त्याच रात्री येतील. नेमकी जागा अभ्यासकांना मिळते.

गावाकडून बऱ्याच जणांनी विचारलं की, तिकडून येताना यंत्र घेऊन ये, आपल्या किल्ल्यावर फिरवू. कृपा करून हे करू नका. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित किल्ले आणि लेणी यांच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. पण पावसानंतर शेतात वाहून वर आलेलं नाणं तुमच्या पायाशी दिसलं, पाया खणताना गाडगं लागलं, तर आधी आहे तिथेच फोटो काढा. बांधापासून, विहिरीपासून किती पावलं ते लिहा. मग कळवा. घासू नका, वितळवू तर नकाच.

नाणी परत आली त्या रात्री मी दादांना, म्हणजे वडिलांना, व्हिडिओ कॉल लावला. मागे देवघर दिसत होतं, आईनं निरांजन लावलं होतं. नाणी दाखवली, नोंद दाखवली, नकाशावरचा चौकोन दाखवला. दादा शहाऐंशीचे आहेत, त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, त्यांनी सगळं मला वाचून सांगायला लावलं. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगं, आपलं गाडगं निघालं ना, ते गोठ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात. आडापासून बावीस पावलं असतील. खाली राखेचा थर होता, हातभर. मी स्वतः पाट्या भरून टाकल्यात."

राखेचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "थांबा दादा," म्हणाले, आणि वही आणायला उठले.